बारा अब्ज वर्षांपूर्वीची अलकनंदा

अमावास्येच्या रात्री भाईंदरच्या खाडीकाठी उभे राहिलात, तरी शहराच्या दिव्यांपुढे आपली आकाशगंगा दिसत नाही. मग जिचा प्रकाश येथवर यायला सुमारे १२ अब्ज वर्षे लागली, तिचा आकार कसा कळला असेल?

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांना ही दीर्घिका जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत सापडली. २०२५ च्या नोव्हेंबरात तिची वार्ता सर्वत्र पोहोचली. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयातली मंदाकिनी नदी रुद्रप्रयागला जिला मिळते, त्या अलकनंदेचे नाव या दीर्घिकेला दिले आहे.

आता अंतराचे पाहू. वर्गात मी दूर जाणाऱ्या लोकलच्या भोंग्याचा दाखला देतो, पण येथे तो पुरता लागू पडत नाही. प्रकाश वाटेत असताना अवकाशच ताणले गेले आणि त्याबरोबर तरंगलांबीही वाढली. अलकनंदेच्या बाबतीत ती ५.०५ पट झाली. हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा घ्या आणि वहीत गुणाकार करा. उत्तर ३३०० च्या वर जाते, म्हणजे थेट अवरक्त! म्हणून तर अवरक्त प्रकाश टिपणारी दुर्बीण लागली. ही पट वर्णपट न घेता काढली, हे विशेष. वेबच्या २१ फिल्टरांतून दीर्घिका कोठे उजळ व कोठे मंद दिसते, हे ताडून ती ठरवली. वाटेतल्या एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचे काम केले आणि तिचे तेज सुमारे दुप्पट केले.

चित्रात दिसल्या दोन रेखीव, सममित भुजा आणि त्यांवर माळेतल्या मण्यांसारखे नव्या ताऱ्यांचे पुंजके. चकतीचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे. दरवर्षी सुमारे ६० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे तेथे जन्मत होते. विश्वाचे वय तेव्हा अवघे दीड अब्ज वर्षे होते. एवढ्या कोवळ्या विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, धसमुसळ्या असाव्यात, नीटस भुजा घडायला अब्जावधी वर्षे लागावीत, अशी समजूत होती. अलकनंदेने ती हलवली.

भुजा उमटल्या कशा? एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीने, की चकतीतच उठलेल्या घनतेच्या लाटेने? त्यासाठी चकती कशी फिरते ते मोजायला हवे. चकतीच्या दोन कडांचे वर्णपट शेजारी ठेवले, की आपल्याकडे येणाऱ्या कडेच्या रेषा दुसरीच्या मानाने किंचित निळ्या बाजूला सरकलेल्या दिसतील. तेथे मात्र लोकलच्या भोंग्याचा दाखला अगदी चपखल बसतो.