जुन्या संगणकावरील आज्ञावली : बसविणे, शोधणे आणि काढणे

ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे ते नुसते कपाटात ठेवून भागत नाही. दाखलनोंदवहीत त्याची नोंद होते, त्याला दाखल अंक मिळतो, सूचिपत्रात त्याचे पत्रक लागते आणि मगच ते आपल्या वर्गाच्या ओळीत जाऊन बसते. पुढे ते जीर्ण झाले तर त्याचे रीतसर निर्लेखन करावे लागते. कोणी ते परस्पर रद्दीत घातले, तर पुस्तक जाते आणि नोंद राहते. पुढच्या गणतीच्या वेळी त्या नोंदीचा उलगडा कोणासही होत नाही. संगणकावर आज्ञावली बसविणे व काढणे हा व्यवहार याच जातीचा आहे. ज्या अडचणींनी जुन्या संगणकाचा धनी हैराण होतो, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ माल आणि नोंद यांचा मेळ न बसण्यात असते. ही एक गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुष्कळशा अडचणी घरच्या घरी सोडविता येतात.

विवेचनासाठी येथे विंडोज एक्सपी ही प्रचालन प्रणाली घेतली आहे. ती २००१ च्या ऑक्टोबर महिन्यात बाजारात आली. तिच्या कर्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबविली. तरीही त्या काळात घेतलेले संगणक अनेक घरांत व शाळांत शिल्लक आहेत. कधी एखाद्या जुन्या यंत्रासाठी, तर कधी जुन्या कागदपत्रांसाठी ते जपावे लागतात.

आज्ञावली बसते म्हणजे काय होते

आज्ञावली, म्हणजे बोलण्यातील ‘प्रोग्रॅम’, ही एकच वस्तू आहे अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः ती अनेक फाइलींचा समुदाय असते. सीडीवरील ‘सेटअप’ नावाची फाइल चालविली की ती चार ठिकाणी काम करते. मुख्य फाइली ती ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात उतरविते. अनेक आज्ञावलींना सामाईकपणे लागणाऱ्या काही फाइली ती विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवते. ‘रजिस्ट्री’ नावाच्या मध्यवर्ती नोंदवहीत ती आज्ञावलीचे नाव, तिचे ठिकाण आणि ती कशी काढावयाची याची आज्ञा लिहून ठेवते. शेवटी ‘स्टार्ट’ यादीत व पडद्यावर ती एक चित्रखूण लावते.

ही नोंदवही आरंभापासून नव्हती. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रत्येक आज्ञावली आपल्या आवडीनिवडी साध्या मजकुराच्या स्वतंत्र फाइलींत लिहून ठेवीत असे. १९९५ साली विंडोज ९५ आली, तेव्हा या विखुरलेल्या नोंदी एका मोठ्या नोंदवहीत आणण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे सोय झाली, तसाच धोकाही वाढला. एक चिठ्ठी बिघडली तर एकच आज्ञावली अडते. मुख्य नोंदवही बिघडली तर सारा संगणकच सुरू होईनासा होतो. म्हणून विंडोज ९८ रोजच्या पहिल्या आरंभी या नोंदवहीची प्रत काढी आणि शेवटच्या पाच प्रती जपून ठेवी. एक्सपीमध्ये हे काम ‘सिस्टिम रिस्टोअर’ ही सोय करते.

बसविताना येणाऱ्या अडचणी

आज्ञावली बसत नसेल तर प्रथम ती या संगणकासाठी तयार झालेली आहे काय, हे पाहावे. नव्या विंडोजसाठी रचलेली आज्ञावली एक्सपीवर चालवू गेल्यास, ती विन-३२ जातीची ग्राह्य आज्ञावली नाही, अशा अर्थाचा संदेश पुष्कळदा येतो. ६४ बिटांची आज्ञावली ३२ बिटांच्या विंडोजवर चालविली तरी हाच संदेश दिसतो. फाइल अर्धवट उतरली असेल किंवा तिची प्रत काढताना बिघाड झाला असेल तरीही हाच संदेश येतो. म्हणून आज्ञावलीला दोष देण्यापूर्वी मूळ फाइलीचा आणि हाती असलेल्या फाइलीचा आकार ताडून पाहणे श्रेयस्कर.

दुसरे कारण जागेचे. आज्ञावली ‘डी’ या भागात बसवावयाची असली, तरी सेटअप आपले गाठोडे बहुधा ‘सी’ या भागातील तात्पुरत्या फोल्डरात सोडतो. तेथे जागा नसेल तर ‘डी’ रिकामा असूनही काम अडते. अशा वेळी ‘डिस्क क्लीनअप’ चालवून जुन्या तात्पुरत्या फाइली काढाव्यात.

तिसरे कारण अधिकाराचे. एक्सपीमध्ये मर्यादित अधिकाराचे खाते वापरणाऱ्यास बहुतेक आज्ञावली बसविता येत नाहीत. त्यासाठी व्यवस्थापकाचे खाते लागते. शाळेच्या संगणकावर हा निर्बंध मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो तसाच राहू द्यावा हे उत्तम.

चौथ्या कारणाला एक क्रमांक आहे. १६१८ हा आकडा दिसला, तर दुसरी एखादी आज्ञावली बसविण्याचे काम त्याच वेळी चालू आहे असे समजावे. ते काम पडद्याआड खोळंबलेले असू शकते. थोडा वेळ थांबावे; तरीही काम पुढे सरकत नसेल तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. ‘सेफ मोड’मध्ये मात्र हा प्रयत्न करू नये, कारण बसविण्याकाढण्याचे काम पाहणारी ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सेवा त्या स्थितीत सामान्यतः सुरूच होत नाही.

पाचवे कारण अगदी साधे असते. सीडीवर ओरखडे असतील तर वाचन मध्येच थांबते. मऊ स्वच्छ फडक्याने ती मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार पुसू नये. मग तिच्यावरील सर्व फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि तेथूनच सेटअप चालवावा. कोणती फाइल वाचली जात नाही, हे उतरवितानाच कळते.

बसलेली आज्ञावली सापडत नाही तेव्हा

पडद्यावरील ज्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात लहानसा वाकडा बाण असतो, ते चित्र आज्ञावलीचे नसून तिच्याकडे जाणाऱ्या वाटेची खूण असते. सूचिपत्रातील पत्रक फाडले म्हणून पुस्तक नाहीसे होत नाही. तशीच ही खूण पुसली तरी आज्ञावली जागच्या जागी राहते. एक्सपी तशी सूचनाही देते. उलटपक्षी, खूण आहे आणि आज्ञावली नाही, अशीही स्थिती संभवते. अशा खुणेवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ती कोणत्या फाइलीकडे बोट दाखविते ते कळते.

खूणच नसेल तर तीन जागा क्रमाने पाहाव्यात. पहिली ‘स्टार्ट’मधील ‘ऑल प्रोग्रॅम्स’ ही यादी. ही यादी दोन याद्या मिळून होते : एक सर्वांची, दुसरी चालू खात्याची. वडिलांच्या खात्यातून बसविलेली आज्ञावली मुलाच्या खात्यात दिसत नाही, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. दुसरी जागा ‘प्रोग्रॅम फाइल्स’. तेथे फोल्डराला आज्ञावलीचे नाव असण्याऐवजी ती तयार करणाऱ्या संस्थेचे नाव असू शकते, हे ध्यानात ठेवावे. तिसरी जागा ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’. ही यादी नोंदवहीवरून तयार होते. ज्या आज्ञावलीने नोंद केली नाही, ती यादीत दिसत नाही; एखाद्या फोल्डरातून थेट चालणाऱ्या लहान आज्ञावली या प्रकारात मोडतात. त्यांच्या बाबतीत फोल्डर पुसणे हेच बहुधा काढणे होय.

काढण्याची रीत

इतर सर्व आज्ञावली मात्र याच यादीतून काढाव्यात. फोल्डर पुसून टाकणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. तसे केल्यास मुख्य फाइली जातात. परंतु सामाईक फाइली, नोंदी आणि खुणा राहतात. शिवाय पुष्कळ आज्ञावलींत काढण्याचे साधन त्याच फोल्डरात असते, म्हणजे कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकल्यासारखे होते.

असे झालेच, तर उपाय दोन आहेत. यादीतील नावापुढचे काढण्याचे बटण दाबल्यावर, आज्ञावली अगोदरच काढलेली दिसते, यादीतून नाव वगळावे काय, असे एक्सपी विचारते. नाव वगळले तर यादी स्वच्छ होते, पण अन्य अवशेष राहतात. दुसरा उपाय अधिक पक्का : तीच आज्ञावली, त्याच आवृत्तीची, त्याच फोल्डरात पुन्हा बसवावी आणि मग यादीतून रीतसर काढावी. यामुळे माल आणि नोंद यांचा मेळ पुन्हा जमतो.

काढताना कधी असा प्रश्न येतो : ही सामाईक फाइल आता कोणी वापरीत नाही असे दिसते, ती काढावी काय? प्रत्येक सामाईक फाइलीपुढे तिच्या वापरणाऱ्यांचा आकडा नोंदवहीत असतो. आज्ञावली बसली की तो एकाने वाढतो, काढली की एकाने उतरतो. तो शून्यावर आला की हा प्रश्न विचारला जातो. परंतु सर्वच आज्ञावली हा हिशेब चोख ठेवतात असे नाही. म्हणून शंका असल्यास ‘नाही’ म्हणावे. राहिलेली फाइल थोडी जागा अडविते; चुकून गेलेली फाइल दुसऱ्याच आज्ञावलीला बंद पाडते.

आज्ञावली काढल्यावरही तिचा फोल्डर कधीकधी उरतो. त्यात भिण्यासारखे काही नाही. काढणारे साधन सामान्यतः स्वतः बसविलेल्या फाइलीच नेते. नंतर निर्माण झालेल्या फाइलींना ते हात लावीत नाही. त्या फाइलींत घरातील कोणाचे लेखन असू शकते, म्हणून उघडून पाहिल्यावाचून तो फोल्डर पुसू नये.

एक इशारा आणखी. विंडोजच्या फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचा एक लपविलेला फोल्डर असतो. विंडोज इन्स्टॉलरच्या द्वारे बसलेल्या आज्ञावलींची दुरुस्तीकाढणीची सामग्री त्यात राहते. तो आकाराने मोठा दिसतो म्हणून जागेच्या लोभाने पुष्कळांनी तो रिकामा केला आहे. त्यानंतर आज्ञावली काढू गेल्यास संगणक मूळ सीडी मागू लागतो, आणि ती बहुधा हरवलेली असते. तसेच नोंदवहीत स्वतः खाडाखोड करणे हा उपाय अगदी शेवटचा, आणि तोही त्या भागाची प्रत काढून ठेवल्यावरच करावयाचा.

काढण्यापूर्वी एक विचार

जागा मोकळी करणे हा काढण्याचा नेहमीचा हेतू. परंतु जुन्या संगणकावर काही आज्ञावली अशा असतात, की त्या गेल्यावर त्यांतून लिहिलेला मजकूरही मुका होतो. मराठी, गुजराती, कानडी इत्यादी भाषांतील टंकलेखनाच्या जुन्या आज्ञावली हे त्याचे ठळक उदाहरण होय. युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेत देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. पण तिचा वापर रूढ होण्यास बराच काळ गेला. तोवर रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृती बसविलेले फाँट वापरले जात. तो फाँट गेला की कागदपत्रात मराठीच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसू लागतो. आज्ञावली काढताना तिचे फाँटही जाण्याचा संभव असतो. एखाद्या शिक्षकाने दहा वर्षे लिहिलेल्या टाचणांचे किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीचे असे झाले, तर ती हानी जागेच्या लाभापुढे फार मोठी ठरते. म्हणून अशी आज्ञावली काढण्यापूर्वी जुनी कागदपत्रे उघडून छापून घ्यावीत, शक्य तर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावीत आणि फाँटच्या फाइलींची प्रत वेगळी ठेवावी.

युनिकोडातील मराठी एक्सपीवर दिसण्यासाठी वेगळी आज्ञावली लागत नाही. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ येथे, ‘लँग्वेजेस’ या पानावर, जटिल लिप्यांच्या फाइली बसविण्याचा एक चौकोन असतो. त्यात खूण केल्यावर संगणक बहुधा एक्सपीची मूळ सीडी मागतो. एवढ्यासाठी तरी ती सीडी जपून ठेवावी.

शिस्त

आज्ञावली बसविण्यापूर्वी व काढण्यापूर्वी ‘सिस्टिम रिस्टोअर’मध्ये परतीचा टप्पा नोंदवावा. काही बिघडल्यास संगणकाची रचना त्या टप्प्यावर नेता येते; ‘माय डॉक्युमेंट्स’मधील लेखनास धक्का लागत नाही. तथापि ही सोय लेखनाची प्रत नव्हे; ती प्रत संगणकाबाहेर स्वतंत्रपणे ठेवलीच पाहिजे. देखभाल थांबल्यामुळे एक्सपीवर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येत नाहीत. म्हणून असा संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा आणि बाहेरून आणलेली प्रत्येक फाइल नव्या संगणकावर तपासूनच त्यात घ्यावी.

याखेरीज संगणकाशेजारी एक साधी कागदी वही असावी. कोणती आज्ञावली, कोणत्या तारखेस, कोणत्या सीडीवरून, कोणत्या खात्यातून बसविली, तिचा परवाना क्रमांक काय, आणि ती केव्हा काढली, एवढे तीत लिहावे. दोन ओळींचे हे काम आहे. संगणकाची आतली नोंदवही बिघडू शकते. ही बाहेरची वही मात्र, तो संगणक सुरूच होईनासा झाला, त्या दिवशीही उघडता येते.