तिजोरीची दुसरी किल्ली

बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. माणसावर विश्वास ठेवावा, पण दोन्ही किल्ल्या एकाच्या हाती देऊ नयेत, हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो. म्हणूनच अमेरिकेतल्या जुन्या जमीन कचेऱ्यांची हकिगत वाचताना थबकलो.

१८०० च्या कायद्याने प्रत्येक कचेरीत दोन अधिकारी नेमले : नोंदी ठेवणारा रजिस्टर आणि पैसे घेणारा रिसीव्हर. १८२० मध्ये उधारी बंद झाली. एकराला किमान सव्वा डॉलर, तोही रोख. त्याच वर्षी या नेमणुकांची मुदत चार वर्षांवर आली. १८२९ मध्ये जॅक्सन अध्यक्ष झाले आणि खुर्ची ही पक्षसेवेची बिदागी ठरली.

मिसिसिपीतल्या कोलंबसच्या कचेरीत १८३० च्या कराराने चोक्टॉ लोकांकडून घेतलेली जमीन विकली जाई. तिथल्या हॅरिस या रिसीव्हरच्या हिशेबात लाखाहून अधिक डॉलरची तूट निघाली. त्याच्या जागी बॉइड आला. त्याचीही तूट पन्नास हजारांवर गेली. १८३७ मध्ये तपासनिसाने काय सुचवावे? यालाच राहू द्या, नवा येईल तोही हेच करील!

मला हसू आले आणि लगेच ओशाळलो. ‘वरून फोन आहे’ म्हणताच एका कर्जप्रकरणावर मीही दुसरी सही केली होती. कर्ज बुडाले. दुसरी किल्ली मिंधी झाली की कुलूप नावापुरतेच उरते.

सरकारी तूट निदान वहीत तरी सापडली. चोक्टॉंची तूट कुठल्या खतावणीत मांडायची?