चुलीपाशी काय उरतं?

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं डोळ्यांपुढे येतात. तालुक्याच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीकडच्या भागात मात्र कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. मासे, खेकडे, उंदीर, रानकंद ही त्यांची जुनी शिदोरी. पुरातत्त्वाच्या अभ्यासकाने अशा वाडीत का जावं?

खोदकामात वस्तू सापडते. ती तिथे कशी पडली, हे माती सांगत नाही. ते कळायला जिवंत माणसांचे व्यवहार पाहावे लागतात. पुरातत्त्वज्ञ लुइस बिनफर्ड 1969 पासून अलास्कातल्या नुनामिऊट शिकाऱ्यांबरोबर राहून हेच पाहत होते. शेकोटीभोवती बसलेली माणसं मज्जेसाठी हाडं फोडत. बारीक तुकडे बसल्या जागीच गळत, मोठी हाडं पाठीमागे किंवा शेकोटीपलीकडे भिरकावली जात. म्हणजे राखेभोवती आधी बारीक कचऱ्याचं कडं आणि त्याबाहेर मोठी हाडं दिसली, तर माणसं कुठे बसली होती तेही सांगता येतं.

ही युक्ती कोकणात अडते. अलास्कात थंडी हाडं जपते; इकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि आम्लधर्मी माती ती खाऊन टाकतात. कातकरी शेतातल्या उंदराच्या बिळाची तोंडं बुजवतात, एका तोंडातून धूर कोंबतात, मग बीळ खणतात; उंदीर मिळतो आणि त्याने साठवलेलं भातही. कडू कंदाचे काप राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे कडवटपणा जातो. केवढं हे ज्ञान! पण चार पावसाळ्यांनंतर त्यातलं हाती काय लागणार? चुलीचे दगड, थोडा कोळसा.

कातकऱ्यांच्या जुन्या धंद्याचा, म्हणजे काताचा, मागमूस मात्र लागू शकतो. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, काढा गाळून आटवायचा आणि वड्या वाळवायच्या, अशी ती रीत. मागे भाजलेली जमीन, काजळलेली खापरं आणि कोळसा राहतो. कोळशातली छिद्रांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लाकूड ओळखता येतं.

टिकतं तेवढंच दिसतं, हे जुन्या काळाबाबतही खरं. मुंबईच्या किनाऱ्यावर मढ, एरंगळ इथे के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन बारीक दगडी हत्यारं सापडली. त्यांचा लेख 1950 साली आला. दगड टिकला, म्हणून ती हत्यारं वापरणारी माणसं आपल्याला फक्त शिकारी वाटतात. कंद खणणाऱ्या, खेकडे धरणाऱ्या बायका त्या चित्रातून सहज निसटतात.

पण अशी तुलना करताना एक पथ्य पाळायलाच हवं. कातकरी म्हणजे अश्मयुगाचा उरलेला तुकडा नव्हे. कात ते पूर्वीपासून बाजारासाठीच बनवत. 1878 च्या वनकायद्यानंतर खैर तोडणं अवघड झालं, तेव्हा ते कोळसाभट्ट्यांकडे आणि पुढे वीटभट्ट्यांकडे वळले. आजही दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात.