‘बोबडं बोलू नका’ची तीन दशकं

२०२५च्या एप्रिलपासून जूनपर्यंत महाराष्ट्रात इयत्ता पहिलीवर इतकं बोललं गेलं की पहिलीतली मुलंही कंटाळली असतील. हिंदी ही तिसरी भाषा म्हणून पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय १६ एप्रिलला निघाला, जूनमध्ये त्यातल्या शब्दांची फिरवाफिरव झाली आणि २९ जूनला सगळंच मागे घेतलं गेलं. ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. सहा वर्षांच्या मुलावर किती भाषा लादायच्या, यावर प्रत्येकाकडे मत होतं. सहा महिन्यांच्या मुलाशी घरात कुठल्या भाषेत आणि कसं बोलायचं, हा प्रश्न मात्र कुणाच्या भाषणात आला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ला, मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, शिलालेख आणि गाथासप्तशती यांची उजळणी झाली. त्याच वर्षी मराठीच्या अभ्यासातल्या आणखी एका गोष्टीला साठ वर्षं झाली होती. अशोक रा. केळकर यांचा मराठी बाळबोलीवरचा शोधनिबंध १९६४ साली ‘वर्ड’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला होता. केळकर कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे. पुढे ‘रुजुवात’साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१४मध्ये ते गेले. आजी नातवाशी जे बोलते ते भाषाशास्त्रज्ञाने गंभीरपणे मांडावं, ही गोष्टच तेव्हा नवी होती. १९६४मध्येच अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली: अरबी, कोमांची, इंग्रजी, गिलयाक, स्पॅनिश आणि मराठी. जगाच्या या पहिल्यावहिल्या पंगतीत मराठीला पान मिळालं ते केळकरांमुळे.

ज्या घरात तान्हं वाढलं आहे तिथे यादी वाचून दाखवायची गरज नाही. मम, दुदू, जोजो, गाई गाई, भूर, बाऊ, काऊ, चिऊ, माऊ, भूभू, हम्मा. निम्म्याहून अधिक शब्द ओठ मिटून उघडले की होणारे, पुष्कळसे दोनदा म्हटलेले. ‘र’चा ‘ल’ होतो आणि लबाड पोरगं ‘काय ले’ ऐकून हसतं. आई स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. ‘आई आली हं’ म्हणते. ‘आपण मम करू या’ म्हणताना जेवणार एकटं बाळच असतं. मुलीला ‘काय रे सोन्या’ म्हटलं जातं, आणि मुलगा असो वा मुलगी, ‘कसं हसतंय बघ’ असं नपुंसकलिंग तर ठरलेलंच. फर्ग्युसनना सहाही भाषांत साधारण हाच प्रकार दिसला: नात्यातली माणसं, अंग, खाणं आणि प्राणी यांचे शब्द, सोपी व्यंजनं, द्विरुक्ती. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या आज्या हजारो मैलांवर एकच कारागिरी करत होत्या.

यानंतरची पंधरा-वीस वर्षं भराभर ओलांडता येतात. मुलाच्या कानावर पडणारी भाषा तुटकफुटक, चुकांनी भरलेली असते, तरी ते व्याकरण शिकतं, म्हणजे व्याकरणाचा पाया जन्मजातच असला पाहिजे, असं भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की सांगत होते. कॅथरिन स्नो यांनी १९७२मध्ये आयांचं बोलणं प्रत्यक्ष तपासलं, तर ते प्रौढांच्या बोलण्यापेक्षा सोपं, छोट्या वाक्यांचं आणि पुन्हा पुन्हा तेच सांगणारं निघालं. ॲन फर्नाल्ड यांनी १९८५मध्ये दाखवलं की चार महिन्यांची बाळं साध्या सुरापेक्षा लाडिक, चढत्या-उतरत्या सुराकडे जास्त वळतात. महाराष्ट्रात या काळात बालवाड्या होत्या, ताराबाई मोडकांचा वारसा होता, १९७५ला एकात्मिक बालविकास योजना आली. पण तिचा भर पोषणावर होता, आणि ते त्या वेळी योग्यही होतं.

खरी गंमत नव्वदच्या दशकात घडली. ती पाहायला मैसूरूहून हुणसूर रस्त्याने येलवालला गेलेलं बरं.

जुन्या मराठी वाचकाला येलवाल आठवतं ते विनोबांमुळे. सप्टेंबर १९५७मध्ये इथे ग्रामदान परिषद भरली आणि नेहरूंपासून नंबुद्रिपादांपर्यंत परस्परविरोधी माणसं एका मंडपात बसली. नव्वदीत येलवालची ओळख बदलली. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेअर मटेरियल्स प्लांट जवळ रत्नहळ्ळीला आला, येलवालला त्याची वसाहत आणि केंद्रीय शाळा आली. ट्रॉम्बेशी नाळ जोडलेल्या खात्यात मराठी घरं असणारच. अशा प्रकल्पनगरीतलं त्या वेळचं मराठी घर म्हणजे नवरा, बायको आणि एक मूल. सासू-सासरे साताऱ्याला किंवा डोंबिवलीला. आजीचा आवाज येणार तो रात्री उशिरा, एसटीडीचे दर उतरल्यावर, आणि तोवर नातवंड झोपलेलं.

आजी दिवाळीत आली की पहिल्याच संध्याकाळी ठिणगी पडायची. “अहो आई, त्याच्याशी बोबडं नका ना बोलू. त्याला तीच सवय लागेल.” सुनेचा हा स्वर त्या दशकात सुशिक्षित घराघरांत सारखा होता. बालसंगोपनाच्या पुस्तकांतून, पुरवण्यांच्या सदरांतून, कधी डॉक्टरांच्या खुर्चीवरून एकच सल्ला यायचा: स्पष्ट, शुद्ध, मोठ्यांशी बोलतो तसं बोला. बिचाऱ्या आज्या ‘काऊ’ म्हणता म्हणता जीभ चावून ‘कावळा’ म्हणू लागल्या. पुढच्या दोन वर्षांत कावळ्याचाही ‘क्रो’ झाला. बोबड्या मराठीची भीती वाटणाऱ्या घरांना बोबड्या इंग्रजीची अजिबात भीती वाटली नाही. ‘भूभू’ वर्ज्य आणि ‘डॉगी’ चालेल, हा न्याय कुठल्या शास्त्रात बसत होता हे त्या तज्ज्ञांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

यामागे एक भीती होती आणि तिला पत्ता होता: नर्सरीची मुलाखत. तीन वर्षांच्या मुलाला रंग, फळं, प्राणी इंग्रजीतून विचारले जात. यशपाल समितीने १९९३च्या ‘ओझ्याविना शिक्षण’ अहवालात अशा चाचण्या आणि मुलाखती बंद करा असं स्पष्ट सांगितलं, पण आईबाप अहवाल वाचत नव्हते, प्रवेशाचे अर्ज वाचत होते. मुलाखतीची तयारी पाळण्यापासून सुरू झाली. २०००मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली तेव्हा सरकारवर टीका झाली. मध्यमवर्गाच्या घरात ती सहा महिन्यांच्या बाळापासून सुरू होऊन गेली होती.

येलवालच्या घरात तर तिसरा पदर होता. घरकामाला येणाऱ्या बाई बाळाला ‘पुट्टा’ म्हणत, झोपवताना ‘ताची’, न ऐकल्यास ‘गुम्मा’ची भीती घालत. मराठी ‘मम’ आणि कन्नड ‘मम्मु’ यांत बाळाला परकं काहीच नव्हतं. पण ‘दोन-तीन भाषांनी मूल गोंधळतं, एकच धरा’ हाही त्या काळातला हमखास सल्ला. एकच धरायची म्हणजे कुठली, हे विचारायची गरज नसे. कन्नड गेली, मग मराठी गेली. विनोद असा की मैसूरूतच १९६९पासून भारतीय भाषा संस्थान आहे आणि त्याचे पहिले संचालक देबीप्रसन्न पट्टनायक आयुष्यभर उलट सांगत होते: अनेक भाषांत वाढणं हीच या देशातली सर्वसाधारण अवस्था आहे. वाचा आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्थाही त्याच शहरात. वसाहतीपासून दोन्ही बसच्या अंतरावर. तरी वसाहतीत पोचला तो पुरवणीतला सल्ला.

त्याच दशकात प्रयोगशाळांत ‘मोठ्यांशी बोलतो तसं बोला’च्या नेमकं उलट सिद्ध होत होतं. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये अमेरिकन, रशियन आणि स्वीडिश आयांची बोलणी मोजली. तिन्हीकडे आया बाळाशी बोलताना ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर ताणून, एकमेकांपासून दूर नेऊन उच्चारत होत्या. म्हणजे स्वरांमधला फरक बाळासाठी ठळक होत होता. शुद्ध भाषेचा आग्रह धरणाऱ्यांना हे कळलं असतं तर बरं झालं असतं: आजीचं लांबवलेलं ‘काऽऽऊ’ उच्चाराचा उत्तम धडा होता.

पण नव्वदीने उचललं ते दुसरंच. १९९३मध्ये मोझार्ट ऐकल्याने कॉलेजच्या विद्यार्थ्यांची एका चाचणीतली कामगिरी थोडा वेळ सुधारल्याचं छापून आलं आणि गर्भाला संगीत ऐकवण्याचा धंदा उभा राहिला. १९९५मध्ये हार्ट आणि रिस्ली यांनी कॅन्सस सिटीतल्या ४२ कुटुंबांवरून ‘तीन कोटी शब्दांची दरी’ मांडली. गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर चार वर्षांचं होईतो तीन कोटी शब्द कमी पडतात, असा तो हिशेब. नमुना लहान, आणि घरातल्या इतरांचं बोलणं मोजलेलंच नाही, अशी टीका पुढे झाली. तोवर शब्द ओतले की मूल हुशार होतं हा समज घट्ट बसला होता. भारतात १९९५ला कार्टून नेटवर्क आलं, अमेरिकेत थोड्याच वर्षांत ‘बेबी आइन्स्टाइन’च्या व्हिडिओंचा पूर आला. १९९९मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नको असं बजावलं. वसाहतीतल्या बैठकीत तेव्हा टीव्ही दुपारभर चालू असे, ‘इंग्लिश कानावर पडतं’ म्हणून.

कानावर पडून काय होतं, हे कूल यांनी २००३मध्ये तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन ऐकवली. समोर खेळणाऱ्या माणसाकडून ऐकली त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू आले. तेच माणूस पडद्यावर दिसलं त्यांना काही आलं नाही. २००९मध्ये डिस्नीने बेबी आइन्स्टाइनच्या डीव्हीडीचे पैसे परत देऊ केले. ज्या आज्यांना गप्प बसवलं त्यांची भरपाई मात्र कुणाच्या खात्यात नाही.

लाडिक सूर ठीक, पण ‘काऊ-चिऊ’सारखे मोडके शब्द कशाला, हा मुद्दा काही शास्त्रज्ञांनीही धरून ठेवला होता. कूल यांचाही भर खरे शब्द, फक्त सूर लाडिक, असाच. २०१८मध्ये एडिंबरात मित्सुहिको ओटा आणि सहकाऱ्यांनी ४७ बाळं पाहिली. द्विरुक्त आणि लघुत्वदर्शक शब्द ज्यांनी जास्त ऐकले, त्यांचा शब्दसंग्रह नऊ ते एकवीस महिन्यांत जास्त वेगाने वाढला. ४७ हा आकडा मोठा नाही. लाडिक सुराबाबत मात्र २०२०मध्ये १६ देशांतल्या ६७ प्रयोगशाळांनी २,३२९ बाळं घेऊन पाहिलं आणि लाडिक बोलण्याची ओढ पुन्हा दिसली.

आजीपुराणाचा अतिरेकही नको. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली समाजात आणि सामोआत मोठी माणसं तान्ह्याशी असं बोलत नाहीत, हे बँबी शिफेलिन आणि एलिनोर ऑक्स यांनी दाखवलं आहे. तिथली मुलंही वेळेवर बोलतात. तिथलं बाळ दिवसभर माणसांच्या घोळक्यात असतं. तीन खोल्यांच्या घरात, बंद दारामागे, बाळाच्या ‘आं’ला ‘आं’ म्हणून उत्तर देणारं एकच माणूस असतं आणि त्याच्या हातात आता फोन असतो. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं. मम भरवताना फोन टेकवून ठेवायचे स्टँड तेव्हाही बाजारात होते, आजही आहेत.

अभिजात दर्जाच्याच वर्षी केंद्र सरकारने ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत बाळाशी काय खेळायचं, कसं बोलायचं, याचं महिन्यागणिक वेळापत्रक त्यात आहे, आणि ते घरोघर पोचवायचं काम अंगणवाडी सेविकेचं. कुपोषण, लसीकरण, पोषण ट्रॅकरच्या नोंदी सांभाळून तिने बाळाच्या आईला ‘बोला हो त्याच्याशी’ म्हणायचं आहे. प्रकल्पनगरीतल्या आणि टॉवरमधल्या घरांचं दार ती सहसा वाजवत नाही. तिथल्या बाळासाठी इंग्रजी गाण्यांचं चॅनल आधीच लावून ठेवलेलं असतं, आणि मराठी शाळा बंद पडताहेत म्हणून सर्वांत जास्त संतापणारी फेसबुकवरची पोस्ट बहुधा त्याच घरातून येते.