तिसरीच्या वर्गातील पाच खिळे

प्राथमिक शाळेत मुलाने काय काय शिकावे याची जी यादी शिक्षणखात्याच्या दप्तरी पिढ्यानपिढ्या तयार होत आली, तीत अक्षरओळख आहे, अंकओळख आहे, नकाशावाचन आहे, स्वच्छतेच्या सवयीसुद्धा आहेत. परंतु सात-आठ वर्षांच्या जिवाच्या मनात जो राग उसळतो, जी भीती दबा धरून बसते, जो हेवा त्याला दिवसभर पोखरत राहतो, त्यांची त्याला ओळख करून देणे हे काम कोणाचे, याचा निवाडा मात्र कधी झाला नाही. शाळा ते घराचे समजते, घर ते शाळेचे समजते, आणि मूल ‘रडू नकोस’, ‘रागावू नकोस’, ‘घाबरू नकोस’ ह्या हुकमांवर वाढते. हुकूम आचरणाला देता येतो, भावनेला देता येत नाही. हे तत्त्व एका शिक्षिकेला वर्गात रोज पाळताना मी पाहिले, आणि त्या कामाची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगररांगांमधल्या एका कोरडवाहू गावातली, जिल्हा परिषदेची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ह्या गावातली निम्मी घरे कुलूपबंद होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे तिकडच्या भाषेत एक ‘कोयता’, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडावर जाते, ती पाडव्याच्या आगेमागे परत येते. काही मुले आईबापांबरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते. जी मागे राहतात ती आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, आणि त्यांची हजेरी अखंड लागते. हजेरीपटावर हजर असलेले हे मूल वर्गात खरोखर कितपत हजर असते, हा प्रश्न ज्यांच्या मनात आला त्या ह्या बाई. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे आहे.

फळ्याच्या खाली, मुलांचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, एका लाकडी पट्टीवर त्यांनी खिळे ठोकून घेतले आहेत. प्रत्येक मुलाच्या नावाची पुठ्ठ्याची एक चकती आहे. वर्गात शिरताना मुलाने आपली चकती उचलावयाची आणि त्या घटकेला मनाची जी स्थिती असेल त्या खिळ्याला अडकवावयाची: आनंद, राग, भीती, दुःख. पाचव्या खिळ्यावर ‘सांगता येत नाही’ असे लिहिले आहे, आणि माझ्या मते ह्या सगळ्या योजनेतील शहाणपण त्या पाचव्या खिळ्यात आहे. कारण मुलाला बोलते करावयाचे म्हणून जे उत्साही लोक त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करतात, त्यांना हे उमगत नाही की न सांगण्याचा हक्क असल्याखेरीज खरे सांगण्याचे धैर्य येत नाही. चकती दिवसात केव्हाही हलवता येते, आणि दुसऱ्याची चकती कोणी हलवावयाची नाही, एवढाच नियम. बाई चकत्यांवरून एकदा नजर फिरवतात, बहुधा काहीच बोलत नाहीत, आणि गणिताला आरंभ करतात. मात्र भीतीच्या खिळ्याला ज्याची चकती आहे त्याला त्या दिवशी फळ्यापाशी एकट्याला उभे करीत नाहीत.

खिळा निवडावयाचा तर आधी भावना ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळख बाई शरीरापासून सुरू करतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भावांच्या बरोबरीने अनुभावांचा विचार केला, आणि स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. मनात जे घडते ते देहावर उमटल्यावाचून राहत नाही हे निरीक्षण आपल्याकडे इतके जुने असून ते नाट्यगृहापुरतेच राहिले, शाळेत उतरले नाही, याची मला खंत वाटते. बाईंच्या वर्गात ते मुलांच्या बोलीत उतरलेले पाहावयास मिळाले. ‘राग आला की पहिल्यांदा कुठं कळतं?’ असे विचारताच कोणी कान सांगितले, कोणी दात, एका मुलीने पायांची बोटे आवळून दाखवली. भीतीला कोणी पोटात गोळा म्हटले, कोणी तळहाताचा घाम. मग एकेकाने उठून रुसलेले, भेदरलेले, वरमलेले माणूस कसे चालते ते करून दाखवावयाचे आणि इतरांनी ओळखावयाचे. ओशाळलेला आणि घाबरलेला यांत मुलांची फार गफलत होत होती, कारण दोघेही मान खाली घालतात. तेव्हा बाईंनी ओळखण्याऐवजी त्या माणसालाच विचारण्याची रीत घातली. चेहऱ्यावरून तर्क करावा, पण खातरजमा विचारूनच करावी, हे प्रौढांनाही सहजासहजी साधत नाही.

मधल्या सुट्टीत एका मुलाने दुसऱ्याचे भाषेचे पुस्तक टराटरा फाडले, त्या प्रसंगी मी तेथेच होतो. बाई आल्या त्या दोघांच्या मध्ये बसल्या, म्हणजे अक्षरशः मातीत बसल्या, आणि पुस्तक का फाडलेस हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

“हात कसे झालेत बघ बरं तुझे.”

मुलाने स्वतःच्या मुठींकडे पाहिले.

“आणि कान?”

“तापलेत.”

“मग आधी हापशावर जा. दोन बादल्या भर, लिंबाला घाल, आणि मग ये.”

हातपंपाचा तो जड दांडा मारताना त्या मुलाचे सगळे अंग वरखाली होत होते. रागाच्या भरात हृदयाचे ठोके वाढलेले असतात, स्नायू ताठलेले असतात, आणि मेंदूचा जो पुढचा भाग सारासार विचार करतो तो तर पंचविशीपर्यंत पक्व होत राहणारा. अशा क्षणी आठ वर्षांच्या मुलाला उपदेश करणे व्यर्थ होय. त्याला अंगातली आग खर्च करावयास काही काम द्यावे लागते. दुसरी बादली घालून तो परत आला तेव्हा त्याचा स्वर उतरला होता, आणि न विचारताच तो म्हणाला, “हा म्हनला, तुझी आई काय आता येत नसती.” बाईंनी त्याला खिळ्यांपाशी नेले. सकाळी आनंदाच्या खिळ्याला लावलेली आपली चकती त्याने रागाकडे नेली, तेथे थोडा वेळ धरून ठेवली, आणि भीतीला अडकवली.

यानंतर जे झाले ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते. भीती खरी होती म्हणून पुस्तक फाडणे माफ झाले नाही. गव्हाच्या पिठाची खळ करून दोघांनी मिळून पाने चिकटवली, आणि जो ते वाक्य बोलला होता त्यालाही आपल्या बोलण्याचा जाब द्यावा लागला. त्याचे आईबापही फडावरच होते.

भावनेला शब्द दिल्याने तिचा जोर ओसरतो याला प्रयोगाचा आधारही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, चित्रातील चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगताना मेंदूतील भयाशी संबंधित असलेल्या केंद्राची क्रिया मंदावलेली आढळली. तो प्रयोग अर्थात प्रौढांवरचा होता. दीर्घ उच्छ्वासाने हृदयगती मंदावते हेही सर्वमान्य आहे, आणि बाई भ्रामरी करवतात ती त्यासाठीच. परंतु मूल शांत असताना, परिपाठाच्या वेळी. ऐन रडण्याच्या भरात मुलाला ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणून गप्प करण्याचा जो प्रघात अलीकडे पडू लागला आहे, तो मला जुन्या ‘रडू नकोस’चाच नवा अवतार वाटतो, कारण त्यात मुलाच्या सुखापेक्षा शिक्षकाची सोय अधिक पाहिली जाते.

दिल्ली सरकारने २०१८ च्या जुलैत, दलाई लामांच्या उपस्थितीत, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आनंदाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याला परीक्षा ठेवली नाही, हे स्तुत्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई करते, आणि २९ वे कलम मुलाला भय व चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा अभ्यासक्रमाकडून करते. त्याहून कितीतरी आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही आयुधे खाली ठेवली होती. तेव्हा आधारांची वाण नाही. वाण आहे ती एका वर्गात इतकी कमी मुले असण्याची की शिक्षकाला मातीत बसण्यास सवड मिळावी, आणि जनगणनेपासून मतदारयादीपर्यंतची कामे त्याच्या माथी न मारली जाण्याची.

पालकसभेला ह्या शाळेत आज्याच येतात. त्यांतल्या एकीने उघड हरकत घेतली: “बाई, तुम्ही लेकरांला रडायला शिकविता का?” बाई म्हणाल्या, “रडू त्यांचं त्यांना येतंच की आजी. मला एवढंच सांगा, आईबाप निघाले तेव्हा लेकरू जागं होतं का?” सभेत शांतता झाली. पोर रडेल, मागे लागेल, म्हणून त्याला झोपेत ठेवून पहाटे निघून जाण्याची तिकडे रीत आहे, आणि मग आठवडाभर ‘उद्या येतील’ असे सांगितले जाते. बाईंचे म्हणणे असे की मुलाला उठवावे, रडू द्यावे, कोठे जातो, किती महिन्यांनी येतो ते खरे सांगावे, आणि दिनदर्शिकेवर पाडव्याभोवती त्याच्याच हाताने रेघ ओढून घ्यावी. कारण जे मूल झोपेत सोडले गेले ते पुढे रात्री झोपावयास भिते. हरकत घेणारी आजीच तेव्हा म्हणाली की आपला नातू दिवाळीपासून तिचा पदर मुठीत धरून निजतो. पण तिने दुसरी अडचणही सांगितली: ट्रक केव्हा निघावयाचा हे आईबापांच्या हाती नसते, मुकादम सांगेल त्या वेळी बिऱ्हाड चढवावे लागते. म्हणून पुढच्या दसऱ्याआधीच्या सभेला गावातल्या मुकादमांनाही बोलावण्याचे बाईंनी ठरवले आहे. ट्रक उजाडल्यावर सोडावा, एवढेच त्या त्यांच्याकडे मागणार आहेत.