जुन्या एम.जी.बी.ची घरगुती डागडुजी

मोटार म्हातारी होते म्हणजे तिचे नेमके काय जाते? माणसाचे गुडघे जातात, वाड्याचे वासे जातात, तसे मोटारीचे इंजिन जात असावे असे आपण धरून चालतो. घरी हत्यारे घेऊन बसणारा हौशी गृहस्थसुद्धा पहिला हात इंजिनालाच घालतो. बिनटपाच्या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मात्र हा अंदाज बहुधा चुकतो, आणि प्रसंगी जिवावर बेततो. उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ, इंग्लंडची एम.जी.बी.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत होती. पाच लाखांहून अधिक निघाल्या, आणि बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. २०१९ पासून आपल्याकडे एम.जी. नावाच्या ज्या गाड्या दिसतात त्यांच्याशी हिचे नाते नावापुरतेच आहे. खरे नाते आहे ते आपल्या ॲम्बेसेडरशी! ॲम्बेसेडरमध्ये पुष्कळ वर्षे असलेले १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन आणि एम.जी.बी.चे १७९८ सी.सी.चे इंजिन ही बी.एम.सी. कंपनीच्या एकाच ‘बी’ घराण्यातली भावंडे. ॲम्बेसेडरचे बॉनेट उघडून ज्याने हात काळे केले आहेत त्याला एम.जी.बी.चे इंजिन परके वाटणार नाही. साधे, दणकट आणि सोशीक. म्हणूनच म्हणतो, त्याची काळजी आधी नको.

आधी पाहायचे ते दरवाज्याखाली. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. बंद गाडीत टपही भार पेलायला मदत करतो. इथे टपच नाही! मग गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांना एकत्र धरून कोण ठेवते? दोन्ही दरवाज्यांखालचे दोन उंबरे. प्रत्येक उंबरा म्हणजे एक पोकळ पेटी असते: बाहेरून एक पत्रा, आतून एक, दोहोंच्या मध्ये एक उभा पडदा. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकांनी उडवलेला खारट चिखल या पेटीत शिरतो, पाणी निघून जाण्याची भोके बुजतात, आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरचा रंग तोपर्यंत लखलखीत असतो. लाकडाला वाळवी लागते, तीच तऱ्हा.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. मालकाला ही सवलत वाटते. पण गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर आहेच, आणि खालून बॅटरी मारून पाहणारा परका डोळा मात्र गेला. माझे मत विचाराल तर सक्ती नसतानाही ही तपासणी खुशाल करून घ्यावी.

घरच्या घरी काय पाहता येईल? दरवाजा लावा आणि त्याच्या मागच्या कडेची फट न्याहाळा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध बसलेली आहे. मग बाजूने जॅक लावून गाडी उचला. फट डोळ्यांदेखत बदलली किंवा दार अडकू लागले, तर उंबऱ्यात दम नाही असे समजा. एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून उंबऱ्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे. शेवटी खालच्या बाजूने स्क्रू-ड्रायव्हर जोराने टोचून पाहा. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली भक्कम लोखंडी घोड्या लावा आणि मगच पाठीवर आडवे व्हा.

आता दुरुस्ती. बाहेर दिसतो तो उंबऱ्याचा काही भागच. त्याचे पुढचे टोक पुढच्या मडगार्डाच्या मागे दडलेले असते आणि मागचे टोक मागच्या मडगार्डाखाली. पुढचे मडगार्ड बोल्टांवर बसवलेले असल्यामुळे ते काढता येते. मागचे वेल्ड केलेले, त्याची खालची कड कापावीच लागते. हा खटाटोप टाळण्यासाठी स्वस्तात काम करणारे लोक जुन्या गंजक्या पत्र्यावरच नवा पत्रा चिकटवून देतात. ओल आलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगण्यातला हा प्रकार! काम नीट करायचे तर गाडी सपाट जमिनीवर, खालून आधार देऊन स्थिर करावी. दरवाज्याच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी पक्की बसवावी, म्हणजे उंबरा कापल्यावर गाडी वाकणार नाही. एका वेळी एकच बाजू घ्यावी. नवा पत्रा आधी ठिकठिकाणी टाके घालून बसवावा, दरवाजा पुन्हा टांगून फटी तपासाव्यात, आणि त्या जमल्या तरच पूर्ण वेल्डिंग करावे. इथे घाई झाली तर दरवाजा पुढे जन्मभर नीट लागत नाही. वेल्डिंगचा सराव नसेल तर तेवढे काम जाणत्या माणसाला द्या. आसने-गालिचे काढणे, बॅटरी सोडवणे, गंज खरवडणे ही मजुरी तुमची.

पत्रे मिळतील का, ही चिंता नको. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळचे साचे वापरून १९८८ पासून या गाडीचा संपूर्ण सांगाडाच पुन्हा बनवायला घेतला. सगळा सांगाडा बदलल्यावर गाडी तीच राहते की दुसरी होते, हा प्रश्न मी आमच्या तर्कशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे सोपवतो.

इथे एक इशारा देतो. सबंध गाडी एकदम खोलू नका. खोलायला दोन रविवार पुरतात, जोडायला दोन वर्षे पुरत नाहीत. खोक्यांत भरलेले भाग, नावाच्या चिठ्ठ्या उडालेल्या, अशा अवस्थेत कितीतरी चांगल्या गाड्या विकाव्या लागल्या आहेत. एका हिवाळ्यात एक उंबरा, दुसऱ्यात दुसरा, मध्ये ब्रेक; आणि उन्हाळ्यात गाडी चालती हवी. चालत्या गाडीची हौस टिकते.

ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, ते दर दोन वर्षांनी बदला. रबरी नळ्या चिरलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी टाका. २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याकडे तर वीस टक्क्यांपर्यंत पोचले आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही. तेव्हा पेट्रोलच्या नळ्याही त्यासाठी बनवलेल्या नव्या घ्याव्यात.

इंजिनाकडे आता वळू. याला दोन एस.यू. कार्बोरेटर असतात आणि गाडी थडथडू लागली की सगळे त्यांनाच दोष देतात. क्रम उलटा धरा. आधी व्हॉल्व्हची फट, मग डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट – फट पंधरा हजारांश इंच – मग प्लग आणि टायमिंग. कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. पुष्कळदा तिथवर जावेच लागत नाही. गेलात, तर कसोटी सोपी आहे. इंजिन गरम असताना कार्बोरेटरचा आतला पिस्टन किंचित, बत्तिसांश इंचभर उचला. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. बंद पडू लागले तर कमी. क्षणभर चढून पूर्ववत झाले तर मिश्रण बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही ते रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून ऐकता येते. दोहोंचा सूर एक लागला पाहिजे.

विजेच्या तक्रारी बहुतेक अर्थिंगच्या असतात. काळ्या वायरींची टोके सोडवून, घासून, पुन्हा घट्ट बसवली की अर्धे काम होते. तपकिरी वायरीत मात्र चावी बंद असतानाही वीज असते, हे विसरू नका. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असते. नव्या गाड्यांच्या सवयीने ऋण टोक जोडाल तर नुकसान होईल.

राहिला रंग. तो उंबरे, ब्रेक, वायरी झाल्यावर. नव्या उंबऱ्याच्या पोकळीत पातळ मेणाचा फवाराही मारायचा असतो. तो आतल्या कोपऱ्यांपर्यंत गेला पाहिजे. आणि नंतर एका तारेने खालची भोके मोकळी करून घ्यायची, कारण मेणानेही ती बुजतात.