पाच रात्री, पाच मुक्काम

मागच्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक पत्नीसह दवाखान्यात आले. गुरुजींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. बाईंना रक्तदाब, शिवाय गुडघे कुरकुरतात. फेब्रुवारीत श्रीलंकेला जायचे ठरले होते. "डॉक्टर, जुलाबाच्या आणि मलेरियाच्या गोळ्या लिहून द्या," एवढेच त्यांचे मागणे. मी म्हटले, "आधी कार्यक्रमाचा कागद दाखवा."

कागदावर पाच रात्री आणि पाच गावे होती. दांबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, गॉल आणि कोलंबो. नकाशावर ही गावे बोटभर अंतरावर दिसतात. पण कँडी ते नुवारा एलिया हे जेमतेम ७५-८० किलोमीटर म्हणजे सगळा घाट. अडीच-तीन तास सहज जातात. तेथून खाली गॉलला उतरायचे म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस गाडीत.

"गोळ्यांचे नंतर बघू. आधी यातली दोन-तीन गावे खोडा," मी सांगितले.

हे शहाणपण मला अनुभवातून आले आहे. २०२३ साली आम्ही दोघे याच वाटेने गेलो तेव्हा कार्यक्रम मीच आखला होता. वाटेत स्वच्छतागृह कुठे आणि कसे मिळेल या धास्तीने आमच्या सौ. तीन दिवस पुरेसे पाणीच प्यायल्या नाहीत. बायकांचे हे दुखणे एस.टी.च्या प्रवासापासूनचे आहे. त्या बोलत नाहीत आणि आपण विचारत नाही. नुवारा एलियाला त्यांना रात्री हुडहुडी भरून ताप आला. गाव महाबळेश्वरपेक्षाही सुमारे ५०० मीटर उंच, तेव्हा गारठा बाधला असेल असे मी, एक डॉक्टर, समजून चाललो. लघवीला जळजळ होते आहे हे मला सकाळी कळले! तेथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "भारतातून कधी आलात?" त्यांनी लघवीबरोबर रक्तही मलेरियासाठी तपासले. निघाला मूत्रमार्गाचा संसर्ग. गॉल पाहायचे राहिले, ते अजून राहिलेलेच आहे.

त्या प्रश्नामागे कारण आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे प्रमाणित केले. तेव्हा मलेरियाच्या गोळ्या घेऊन जाण्याची गरज नाही. उलट आपणच तो तिकडे नेऊ अशी त्यांना धास्ती असते. डेंग्यू मात्र तेथे आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावावे. ताप आलाच तर फक्त पॅरासिटामॉल घ्यावी आणि डॉक्टर गाठावा. अंगदुखीची दुसरी कोणतीही गोळी मनाने घेऊ नये. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तरी कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना सांगावे.

बाई हळूच म्हणाल्या, "प्रवासाच्या दिवशी मी ती लघवीची गोळी घेतच नाही." मला हीच शंका होती. गोळी बुडवू नये. तिची वेळ मुक्कामाला पोचल्यानंतरची करता येते, पण ती डॉक्टरांना विचारून.

गुरुजींना एक सोय आहे. श्रीलंकेचे घड्याळ आपल्याबरोबरच चालते, त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत. खरी अडचण जेवणाच्या वेळेची. इंजेक्शन घेऊन गाडीत बसायचे आणि हॉटेल दोन तास उशिरा यायचे, यात साखर एकदम खाली जाते. ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही आणि साखर, बिस्किटे खिशात ठेवायची. इन्सुलिन हातातल्या पिशवीत घ्यावे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते गोठण्याची भीती असते, तर उन्हात उभ्या गाडीत ते नासते.

आणि तळपाय! दांबुल्लाच्या लेण्यांत, कँडीच्या दंतमंदिरात पादत्राणे काढावी लागतात. दुपारी तापलेल्या दगडावर आपण पाय चटकन उचलतो, पण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. अशा ठिकाणी सकाळीच जावे, आणि रात्री तळवे नीट पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर बाईंनी पाहावेत.

मग गावे खोडण्याची वेळ आली. गुरुजींना सिगिरियाचा किल्ला हवा होता; सुमारे १,२०० पायऱ्या. बाईंना नुवारा एलियाजवळचे सीता अम्मन मंदिर, आपण ज्याला अशोकवाटिका म्हणतो ते, काही झाले तरी पाहायचे होते. गुडघ्यांची बाजू मी घेतली. दांबुल्ला, गॉल आणि कोलंबो गेले. कँडीत दोन रात्री, नुवारा एलियात दोन, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळच्या निगोंबोत, असे ठरले.

"एवढ्या लांब जाऊन सिगिरिया नाही पाहायचा?" गुरुजी दारातून पुन्हा वळून म्हणाले. बाईंनी तोवर कागद घडी करून पर्समध्ये ठेवला होता.